खानदेशातला सगळ्यात नम्र व्याही

२२ जून, रविवार

दिपमालाचा फोन. लग्न ठरवलं म्हणाली. स्वतःच. मुलगा जावा बेटावरचा. नाव गालिह. योग्यकार्ता नावाचं शहर आहे, तिथे दोघं एकाच कंपनीत. लग्न डिसेंबरमध्ये, मुलाच्या गावी.

मी अजिबात चिडलो नाही. एवढंच म्हणालो की माझं काही नाही बेटा, पण तुझ्या आईला हे चालणार नाही, तिचा बीपी वाढेल.

सौ. शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिला विचारायचं राहून गेलं होतं, हे खरं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात दरवेळी विचारत बसलं तर माणसाने काम कधी करायचं? तिने माझ्या हातातून फोन घेतला, पोरीला सांगितलं की मला चालतं, चांगलं चालतं, आणि बीपी माझा नाही, तुझ्या बापाचा आहे. फोन ठेवला. लसूण उचलून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही.

ठीक आहे. मीही बोलणार नाही. बघू कोण जास्त टिकतं.

२४ जून, मंगळवार

अबोला चालू. माझा. सौ.ला वाटतं तिचा.

ती आता भांड्यांशी बोलते. दुपारी कुकरकडे बघून म्हणाली, ज्याला गरम भाकरी पाहिजे त्याने आत्ता यावं. मी रीतसर हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. भाकरी गार खाल्ली. माणसाने तत्त्वासाठी एवढं सोसलंच पाहिजे.

मुलाकडचे हिंदू निघाले. जावात काही गावांत आहेत म्हणे. त्यामुळे माझी मुख्य हरकत गेली. दुसरी मुख्य हरकत शोधली: मुलाचा बाप मागणी घालायला आला नाही. आमच्याकडे मुलीचा हात मागायला चार माणसं येतात, पोहे खातात, उगाच शेतीची चौकशी करतात, मग विषय काढतात. इथे काय? नुसता फोन.

२९ जून, रविवार

संकल्प. जावानीज भाषा शिकायची.

कारण साधं आहे. व्याह्याला एक दिवस कळलं पाहिजे की जळगावात काय माणूस बसला आहे. समोर उभं राहून त्याच्याच भाषेत असं बोलायचं की त्याच्या हातातला कप हातातच राहिला पाहिजे. मग तो स्वतःच म्हणेल की लीलाधरराव, तुमच्याकडे यायला आम्हाला उशीर झाला.

मला मराठी, हिंदी, अहिराणी आणि ऑफिसचं इंग्रजी येतं. पाचवी भाषा जड नाही. दिवाळीपर्यंत अस्खलित.

गालिहने बाई गाठून दिल्या. रेत्नोबाई, सोलो शहराच्या. दर मंगळवारी साडेदहाला, मोबाइलवर, इंग्रजीतून. पोरगा तत्पर आहे, पण हे त्याला कळू द्यायचं नाही.

लग्नाला जायचं का, हे ठरवलेलं नाही. आवतण आल्याशिवाय मी कुणाच्या दारात गेलेलो नाही. दिपमालाने विचारलं होतं, बाबा तुम्ही येताय ना. मी बघू म्हणालो. पोरीने बापाला आवतण देणं ही काही रीत नव्हे. ते वडीलधाऱ्याकडून यावं लागतं.

८ जुलै, मंगळवार

पहिला तास. विषय सर्वनामं.

मी म्हणालो, बाई, सर्वनामं राहू द्या, ती मला येतात. थेट भाषणाकडे वळू. बाई हसल्या आणि म्हणाल्या, इंग्गिह. म्हणजे होय. आणि सर्वनामंच सुरू केली.

प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. 'मी' साठी त्यांच्याकडे तीन शब्द. मित्रांत 'आकू'. मान राखून बोलायचं तर 'कुलो'. फारच मोठा माणूस समोर असला तर 'दालम', म्हणजे मी तुमच्या पायाची धूळ वगैरे. 'तू-तुम्ही' चेही तसेच मजले: 'कोवे', 'साम्पेयान', आणि सगळ्यात वर 'पांजनंगन'.

आमच्या गावाकडे आई, देव आणि बैल तिघांनाही 'तू'. कुणाचं काही अडलेलं नाही.

बाईंना विचारलं, मी सेवानिवृत्त कार्यालयीन अधीक्षक आहे, मला कोणता 'मी' लागू होतो? म्हणाल्या, तो तुमच्यावर नसतो, समोर कोण आहे त्यावर असतो. हे मला पटलेलं नाही. पदाला काही अर्थ आहे की नाही?

१५ जुलै, मंगळवार

आजचा तास फार महत्त्वाचा. स्वतःसाठी मोठा शब्द वापरायचाच नाही, असा त्यांचा नियम. जेवण्यासाठीसुद्धा वेगवेगळी क्रियापदं. 'ढाहार' म्हणजे जेवणं, पण मोठ्या माणसांचं. मी सरावासाठी म्हणालो, कुलो ढाहार. बाईंनी तोंडावर हात धरला. म्हणाल्या, तुम्ही आत्ता 'पामर मी भोजन ग्रहण करण्याची कृपा करतो' असं काहीतरी बोललात.

मला त्यात चूक दिसली नाही. तरी वहीत लिहून घेतलं.

सौ.ने पंख्याला सांगितलं की वरणात मीठ कमी पडलं असेल तर डबा ओट्यावर आहे. पडलं होतं. मी उठलो नाही.

२२ जुलै, मंगळवार

आज प्रश्नाच्या मुळाशी गेलो. बाईंना स्पष्ट विचारलं: आमच्याकडे मुलीचा बाप खाली आणि मुलाचा बाप वर. तुमच्याकडे लग्नात कोण कुणाला पांजनंगन म्हणतो? मला खाली बसणं जमणार नाही, सवय नाही.

बाई म्हणाल्या, दोघंही एकमेकांना पांजनंगन म्हणतात आणि दोघंही स्वतःला खाली घेतात. जो जास्त खाली जातो त्याला लोक मोठा म्हणतात.

असं आहे होय! मग हे सोपं झालं. मी सगळ्यात खाली जाणार. नम्रतेत मला अख्ख्या खानदेशात कोणी हरवू शकत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाईचे रोट, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. सकाळपासून घरात धावपळ. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात. मी दाराआडून ऐकत होतो. सौ. माझं नाव घेत नाही, पण मूठ घेतली. म्हणाली, ही दिपमालाच्या बापाची.

म्हणजे सौ. वाकते आहे. अबोला आता फार तर आठ दिवस.

मग तिने आणखी एक मूठ घेतली. म्हणाली, ही जावयाची. भाऊबंदांतल्या दोघी म्हाताऱ्या म्हणाल्या, अगं बाई, कानबाईला जावई नसतो चालत, तो दुसऱ्या कुळाचा. सौ. म्हणाली, कानबाईला मी सांगते काय ते, तिच्याशी माझा अबोला नाही.

शेवटचं वाक्य उगाच मोठ्याने म्हणाली. कुणासाठी ते कळलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रगती जोरात. मी काहीही म्हणालो तरी बाई इंग्गिह, इंग्गिह म्हणतात. आज पूर्ण तासात एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. मी सुचवलं की सर्वनामांची संख्या तीनवरून एकवर आणावी, परिपत्रक काढावं. इंग्गिह म्हणाल्या.

गालिहला हे अभिमानाने कळवलं. त्याने दिपमालाकरवी निरोप पाठवला की जावात 'इंग्गिह' म्हणजे बऱ्याचदा नुसतं 'ऐकलं बरं का' एवढंच असतं. पोराचं स्वतःच्या भाषेचं ज्ञान कच्चं दिसतं. हल्लीची पिढी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजचा धडा सोन्याने मढवावा असा. बाई म्हणाल्या, खरा मान द्यायचा तर जावात 'तुम्ही' हा शब्दसुद्धा टाळतात. समोरच्याला बोट दाखवल्यासारखं होतं ते. मग 'बापाक' (वडील) म्हणतात, 'इबू' (आई) म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. नुसतं वाक्य हवेत सोडतात. ज्याच्यासाठी असेल त्याने ते उचलायचं. न सांगता उचलतो तो सुसंस्कृत.

काय ही संस्कृती! अंगावर काटा आला. नोकरीत मी हेच केलं. उभ्या हयातीत एकाही पत्रात 'मी' किंवा 'तुम्ही' लिहिलं नाही. 'कळविण्यात येते', 'अपेक्षित आहे'. लोकांना आपोआप कळायचं. मी जन्माने खानदेशी, पण आतून जावानीजच असलो पाहिजे.

हे लिहीत असताना सौ. भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाली की निंबाभाऊ (हिचा धाकटा भाऊ, सोनगीरचा) आणि मी पासपोर्ट काढतो आहोत, आणखी कोणाला काढायचा असेल तर कागद कपाटात वरच्या खणात आहेत. काढलेला बरा. वेळ लागतो.

कोणाला सांगत होती कोण जाणे. मी लिखाणात होतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

सौ. आणि निंबाभाऊ पासपोर्टच्या ऑफिसला जाऊन आले. फोटोत सौ. गंभीर आली आहे. फोटो टेबलावर ठेवला होता म्हणून दिसला. मी काही उचलून पाहिला नाही. दोनदाच.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सौ. तुळशीला पाणी घालताना म्हणाली की घरातल्या एका माणसाच्या पासपोर्टची आज साडेदहाची वेळ घेतली आहे. भाचीकडून ऑनलाइन करून घेतलं. कागद पिशवीत, पिशवी दाराला. त्या माणसाने फक्त जावं म्हणजे झालं.

साडेदहाला माझा तास. शिवाय 'त्या माणसाने' म्हणजे कोणी? स्पष्ट नाव घ्यावं, 'अहो' म्हणावं, मी उठून जाईन. माझी काही ताठर भूमिका नाही. पण तुळशीमार्फत आलेल्या सूचनेवर कार्यवाही करण्याची पद्धत नाही.

तास उत्तम झाला. विषय: न बोललेलं कसं ओळखावं. बाईंना मी माझी दोन-तीन उदाहरणं दिली. इंग्गिह म्हणाल्या.

संध्याकाळी पिशवी दाराला तशीच होती. सौ.ने ती काढून आत नेली. काही म्हणाली नाही. तुळशीलासुद्धा नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. धुळे

जुन्या ऑफिसच्या लोकांचं स्नेहसंमेलन. सकाळच्या एसटीने आलो. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी जावानीज सर्वनामांवर चाळीस मिनिटं बोललो. सभागृह स्तब्ध होतं. प्रेमराज तर डोळे मिटून ऐकत होता, शेवटी त्याला हलवावं लागलं. प्रश्नोत्तरात एकच प्रश्न आला, तो शेवभाजीबद्दल.

परत निघताना निंबाभाऊ स्टँडवर भेटायला आला. मोठ्या मनाचा माणूस, पण आडून बोलणं त्याला माहीत नाही. म्हणाला, दाजी, बठ्ठासनी तयारी हुई गयी, तुम्हनंच काय ते बाकी शे. अक्का रोज रडस.

मी म्हणालो, तुझी अक्का कांदा चिरत असेल. तो म्हणाला, अक्कानं सांगं नहीं का तुम्हले? मी म्हणालो, मला थेट कोणी काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, मंग मी सांगस, चला. मी म्हणालो, निंबाभाऊ, तू मुलीचा मामा. आवतण मुलाच्या बापाकडून यावं लागतं. तो डोक्याला हात लावून मला केळीवाल्याकडे घेऊन गेला. एक फणा दिला. गाडी सुटली.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी म्हणून व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. आज प्रत्यक्ष गाठ. मी पांढरा शर्ट घातला. खाली लेंगाच होता, तो दिसत नव्हता.

व्याह्यांचं नाव सुमार्नो. निवृत्त शिक्षक. हात जोडून इतके खाली वाकले की स्क्रीनवर नुसतं टक्कल राहिलं. मी त्याहून वाकलो. ते परत वाकले. मी टेबलाला कपाळ टेकवलं. दिपमाला म्हणाली, बाबा, दिसत नाही आहात. पहिली फेरी माझी.

मग ते सावकाश बोलू लागले. दिपमाला मराठीत सांगत होती. म्हणाले, आमचं घर अगदी लहान. रस्ता खराब. जेवण बेचव, खुर्च्या जुन्या. आपल्यासारख्या मोठ्या माणसाला इथे फार त्रास होईल. एवढं बोलून थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. हसत होते.

मी थक्क झालो. येऊ नका असं तोंडावर सांगणारा व्याही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण संयम सोडला नाही. शांतपणे म्हणालो, इंग्गिह.

त्यांचा चेहरा एकदम पडला. विहीणबाई त्यांच्याकडे बघू लागल्या. दिपमाला 'बाबा!' म्हणाली. सौ. ताटात चकल्या घेऊन पलीकडे उभी होती. तिने ताट स्क्रीनसमोर धरलं आणि मराठीतच म्हणाली की हे सगळं घेऊन येते मी, लहान घरातच माणसं जवळ बसतात. दिपमालाने ते तिकडे सांगितलं. तिकडे सगळे टाळ्या वाजवायला लागले.

रात्री दिपमालाचा मेसेज: बाबा, ते आवतण होतं. असंच देतात इथे. तुम्ही फक्त नाही नाही, आम्हाला आनंदच आहे, असं म्हणायचं होतं.

मी उत्तर पाठवलं की मला या भाषेतले बारकावे शिकवू नकोस, माझी दुसरी वही चालू आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सौ. बिबड्या बांधते आहे. ज्वारीच्या त्या पापडांना इतक्या लांबचा प्रवास झेपेल का, याबद्दल सुगंधाबाईंशी (शेजारच्या) चर्चा. मध्येच सौ. जरा मोठ्याने म्हणाली की एका माणसाचा काळा कोट धुवायला टाकला आहे, शनिवारी मिळेल. लग्नात सुटाबुटात बरं दिसतं. अजूनही कोणी तत्काळमध्ये पासपोर्ट काढला तर होतो म्हणे.

सुगंधाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पेपर उभा धरला.

एक मात्र खरं. काळा कोट या घरात एकच आहे. तो विनाकारण धुवायला टाकला. खर्चाचा काही विचार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे जाग आली आणि असं वाटलं की आवतण कदाचित येणारच नाही. उगाच वाटलं. पित्त झालं असावं. तरी पुन्हा झोप लागली नाही. दिपमाला पहिलीत असताना गॅदरिंगला पोपट झाली होती. मी ऑफिसच्या तपासणीमुळे जाऊ शकलो नव्हतो. तिने घरी येऊन माझ्या एकट्यासाठी पुन्हा पोपट केला होता. हे का आठवलं माहीत नाही. पित्ताची गोळी घेतली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाषण लिहून तयार. चार मिनिटांचं. बाईंनी तपासलं. त्यात 'दालम' अकरा वेळा आला आहे. बाई म्हणाल्या, थोडे कमी करू, इतकी नम्रता ऐकून लोक घाबरतील. मी एकही कमी केला नाही.

तासाच्या शेवटी बाई म्हणाल्या, बापाक, विमान कधीचं? मी म्हणालो, ते ठरायचं आहे. बाई इंग्गिह म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदाच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय. पासपोर्ट काढतो आहे. याचा अबोल्याशी काही संबंध नाही. पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क आहे.

तत्काळ अर्ज केला, सायबर कॅफेतून. इथली तारीख सतरा डिसेंबरची निघाली. लग्न चौदाला. कॅफेतला पोरगा म्हणाला, काका, नाशिकची परवाची मिळते आहे, पहाटेची गाडी धरा, होऊन जाईल. मी म्हणालो, मी जळगावचा रहिवासी, नाशिकला का जाऊ? ज्याने त्याने आपल्या हद्दीत राहावं. सतराची घेतली.

घरी येईपर्यंत चूक लक्षात आली. परत गेलो तोवर नाशिकची तारीख गेली होती. कॅफेतल्या पोराने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यामुळे जास्त राग आला.

चिंता नाही. भाषण व्हिडिओ कॉलवरही देता येतं. उलट आवाज जास्त स्पष्ट जातो.

९ डिसेंबर, मंगळवार

सौ. आणि निंबाभाऊ निघाले. मुंबईहून उद्या विमान. स्टेशनला सोडायला गेलो. दोघांच्या मिळून चार बॅगा, एक बॅग नुसती बिबड्यांची.

घरातून निघताना सौ. कुलपाला सांगत होती की दूध फ्रिजमध्ये आहे, बीपीच्या गोळ्या चहाच्या डब्याशेजारी, दोन वेळचा डबा सुगंधाबाई देणार आहेत, रात्री गॅस बंद केला का बघावं. कुलूप तिच्या हातात होतं. ते मला दिलं. मी घेतलं. बोटाला बोट लागलं. तिचा हात गार होता.

प्लॅटफॉर्मवर मी ठरवलं होतं की ती 'चला' म्हणाली तर मी तिकिटाशिवाय मुंबईपर्यंत तरी जाईन, दंड भरीन. गाडी हलली. ती खिडकीत होती. माझ्याकडे बघत होती. मीही बघत होतो. मला वाटलं ती आता म्हणेल. तिलाही तसंच वाटत असेल, की मी म्हणेन.

निंबाभाऊ दारातून हात हलवत होता, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

आजचा तास चुकला. पहिल्यांदाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

घर शांत. अभ्यासाला पोषक. भाषण पाठ. सुगंधाबाईंचा डबा येतो, मीठ बरोबर असतं.

संध्याकाळी वरणाच्या वाटीला सहज म्हणालो, थोडं गरम असतं तर बरं झालं असतं. उत्तर आलं नाही. पद्धत अशीच आहे.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ७

तयार. धुतलेला काळा कोट, फेटा, कपाळाला गंध. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. भाषणाची प्रत हाताशी, पण लागणार नाही. आज व्याह्यांना कळेल नम्रता कशाला म्हणतात.

सकाळी १०

लग्न झालं. वृत्तान्त लिहून ठेवतो.

निंबाभाऊने फोन फिरवून मांडव दाखवला. फुलं छान. व्याह्यांच्या डोक्यावर त्यांची ती घट्ट बांधलेली टोपी. सौ. हिरव्या पैठणीत. विहीणबाईंनी तिचा हात धरला होता, दोघी काय बोलत होत्या कोण जाणे, भाषा एकही सारखी नाही, पण हसत होत्या.

मग त्यांचा तो विधी. मुलगा-मुलगी खाली बसून आईबापांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवतात आणि चुकलंमाकलं माफ करा म्हणतात. चार खुर्च्या मांडलेल्या. व्याही, विहीणबाई, सौ., आणि चौथी रिकामी. व्याही निंबाभाऊला खुणेने म्हणाले, तुम्ही बसा. निंबाभाऊ म्हणाला, ही जागा दाजीनी शे. आणि त्याने फोनच त्या खुर्चीवर ठेवला, पाठीला उशी लावून. म्हणजे मी बसलो.

गालिहने नमस्कार केला. मग दिपमाला आली. खाली बसली. माझे गुडघे जिथे असायला पाहिजे होते तिथे, खुर्चीच्या गादीवर, दोन्ही हात ठेवले आणि डोकं टेकवलं. माझ्या स्क्रीनवर नुसती मोगऱ्याची फुलं. फुलं हलत होती. म्हणजे ती रडत होती.

भाषणाची वेळ हीच होती. सगळं पाठ होतं. पहिलाच शब्द 'मी'. तीन होते माझ्याकडे. एकही आला नाही. मराठीतलासुद्धा नाही. मी हात पुढे केला, डोक्यावर ठेवायला. साखरेचा डबा पडला.

डबा आणि फोन उचलेपर्यंत दिपमालाने मान वर केली होती. तिने विचारलं, बाबा, तुम्ही का नाही आलात?

जे खरं ते सांगितलं. म्हणालो, मला चला असं कोणी म्हणालंच नाही.

आणि मग शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. इतका मोठा, की व्याही दचकलेले मला दिसले. सौ. म्हणाली, अहो! सहा महिने मी काय भिंतीशी बोलत होते?

मग निंबाभाऊने फोन उचलला. म्हणाला, दाजी, जेवणं सुरू व्हतीन आते, नंतर लावस.

सकाळी ११

साखर भरली. मुंग्या लागायला नकोत.

शांतपणे विचार केला. एक मुद्दा कोणाच्याच लक्षात आलेला नाही. अबोला आधी कोणी सोडला? सौ.ने. 'अहो' म्हणाली, थेट मला, भर मांडवात, दोन देशांच्या साक्षीने. मी शेवटपर्यंत एक शब्द बोललो नव्हतो. म्हणजे मीच जिंकलो.

हे तिला सांगावं म्हणून उठून स्वयंपाकघराकडे गेलो. दारातूनच परत आलो.